हेवी डिपॉझिटवर घर घेताय? माझे 5,70,500 गेलेत, आधी वाचा

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं. आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजून काही माहीत नाही आणि कळलं तर काय काय बोलतील तेही पाठ आहे. पण परवा ऑफिसमधला एक पोरगा म्हणाला, "दादा, हेवी डिपॉझिटवर मस्त वन बीएचके मिळतोय, घेऊ का?" आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. म्हणून लिहितोय.

डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. डिपॉझिट 5,50,000, भाडं शून्य, दोन वर्षांनी सगळे पैसे परत. वर ब्रोकरेज 18,000 आणि नोटरी-स्टॅम्पपेपरचे 2,500. डिपॉझिटसाठी बायकोच्या बांगड्या आणि मंगळसूत्र ठेवून 2,10,000 गोल्ड लोन काढलं, 2,00,000 ची एफडी मोडली आणि 1,40,000 मेहुण्याकडून घेतले.

"लोभ नडला" असं लिहायला जे टपलेत त्यांनी आधी ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या चाळीत टँकरची वाट बघत एक उन्हाळा काढून दाखवावा. माझा पगार 42,000. त्यातून 18,000 भाडं, पोराची शाळा आणि लोकलचा पास काढला की उरतं काय? आणि हेवी डिपॉझिट आमच्या इकडे काही जगावेगळं नाहीये, माझा चुलत भाऊ तीन वर्षं असाच राहिला आणि त्याला पै न पै परत मिळाली.

एजंटकडे स्वतःचं ऑफिस होतं, एसी, भिंतीवर गणपतीचा मोठा फोटो, समोर तीन मुली फोनवर. ओनर मुलाकडे दुबईला आहेत, मला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी दिलीय म्हणाला. झेरॉक्स दाखवली. ओरिजिनल मागितली नाही, ही माझी चूक, मान्य. व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर "ओनर"शी बोलणंही करून दिलं, तो इतका गोड बोलला की बायको म्हणाली माणसं चांगली दिसतायत. लाइट बिलावरचं नाव आणि कागदावरचं नाव एकच होतं, मग शंका कशावर घ्यायची? 3,60,000 ट्रान्सफर केले ते "एंटरप्रायझेस" नावाच्या करंट अकाउंटला, 1,90,000 कॅश. कॅश दोन लाखांच्या आत ठेवा, इन्कम टॅक्सची भानगड नको, हेही त्यानेच समजावलं आणि मला वाटलं काय नियमाने चालणारा माणूस आहे! रजिस्टर अ‍ॅग्रीमेंटचं विचारलं तर म्हणाला ओनर आले की अंगठा घेऊन करू, तोपर्यंत 500 च्या स्टॅम्पवर नोटरी. नोटरीच्या लाल शिक्क्याला काडीची किंमत नसते हे आज सांगतोय, तेव्हा तो शिक्का बघून बरं वाटलं होतं.

आता ज्याच्यामुळे मला रात्री झोप लागत नाही ते सांगतो. जूनमध्ये सामान घेऊन टेम्पो गेटवर आला. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, "कंपनीचे स्टाफ ना?" मी म्हटलं नाही ओ, आम्ही फॅमिली आहोत. तो म्हणाला बरं बरं, आणि फ्लॅट नंबरपुढे त्याच्या हाताने लिहिलं, त्याच एंटरप्रायझेसचं नाव आणि पुढे "स्टाफ". मी वाचलं. वाचून खाली सही केली. वरून पाऊस सुरू झाला होता, कपाट भिजत होतं, टेम्पोवाला वेटिंगचे दोनशे मागत होता. तिथे एक मिनिट थांबून "असं का लिहिलं" एवढं विचारलं असतं तर... जाऊ दे.

डिसेंबरच्या एका रविवारी बेल वाजली. दारात सत्तरीचे काका, हातात कापडी पिशवी. "ऑक्टोबरपासून भाडं का नाही भरलं?" हे खरे ओनर. दुबई कुठली, नाशिकहून आले होते. बायकोने चहा ठेवला आणि आम्ही टीपॉयवर दोघांचे कागद शेजारी शेजारी मांडले. त्यांच्याकडचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर्ड, अकरा महिन्यांचं, डिपॉझिट 60,000, भाडं 18,000, आणि लायसन्सी, म्हणजे भाडेकरू म्हणून खुद्द एजंट, "स्टाफच्या राहण्यासाठी". माझ्या कागदावरची सही बघून काका म्हणाले, "मी सही मराठीत करतो." चहा तसाच राहिला.

मी अकाउंट्सला आहे. चौदा वर्षं लोकांच्या व्हाउचरमधल्या चुका काढतोय. हिशोब आत्ता करतो बघा. माझ्याकडून त्याने डिपॉझिट आणि ब्रोकरेज मिळून 5,68,000 घेतले. काकांना 60,000 अधिक चार महिन्यांचे 72,000 दिले. एका घरामागे 4,36,000 खिशात. आणि जो हिशोब आधी करायला हवा होता तो म्हणजे 18,000 भाड्याचे वर्षाला 2,16,000 होतात, 5,50,000 वर 7 टक्क्यांनी व्याज येतं 38,500. कुठला मालक एवढं नुकसान करून घेईल? डिपॉझिट एवढं स्वस्त असेल तर तिथूनच मागे फिरा.

पोलीस स्टेशनची कथा वेगळीच. पहिल्यांदा गेलो तर "सिव्हिल मॅटर आहे, वकील गाठा." म्हटलं साहेब, सही खोटी आहे, फोनवरचा ओनर खोटा आहे, यात सिव्हिल काय? दुसऱ्यांदा "एजंटचं ऑफिस आमच्या हद्दीत येत नाही." दुसऱ्या हद्दीत गेलो तर "घर तिकडे आहे ना, मग तिकडेच जा." तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. एक हवालदार तर हसत म्हणाला, "एवढे पैसे होते तर घरच का नाही घेतलं?" त्या दिवशी जिन्यात बसून राहिलो. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, बँकेत गेलो, मॅनेजर म्हणाले तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. ऑफिसला तोपर्यंत कुलूप, बाहेर आमच्यासारखेच लोक. अशी आम्ही धरून आठ कुटुंबं जमलो, एकत्र गेलो तेव्हा कुठे 23 दिवसांनी एफआयआर झाला, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) आणि 316 (विश्वासघात) खाली. एकट्याने जाऊ नका, आणि अर्जावर पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

अजून एक. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घराचा भाडेकरार, रजिस्टर करणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे बंधनकारकच आहे, ती जबाबदारी मालकाची. अंगठा मालकाचा, पैसेही मालकाच्याच खात्यात. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा, पण एजंटला बरोबर नेऊ नका. त्या घरावर आधीच कोणाचं अ‍ॅग्रीमेंट आहे का, इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या कागदाचा सरकारी नोंदणीतला उतारा) काढून बघा.

काका देवमाणूस, पोराची परीक्षा होईपर्यंत राहा म्हणाले. जानेवारीपासून त्यांना 18,000 देतोय, गोल्ड लोनचं व्याज 1,925 वेगळं. म्हणजे जे भाडं परवडत नाही म्हणून हे सगळं केलं, तेच आता भरतोय.

सोमवारी परत पोलीस स्टेशनला बोलावलंय, सगळ्या कागदांचे तीन सेट झेरॉक्स आणा म्हणालेत. आधी दिलेले दोन सेट कुठे गेले ते विचारायची हिंमत झाली नाही.