फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस: रोप एक नंबर, पण आल्या आल्या मॉस काढा

ऑनलाइन नर्सरीतून इक्वेस्ट्रिस या छोट्या ऑर्किडचं फुलायच्या वयाचं रोप मागवलं होतं, त्याचा एक बहर होऊन गेलाय आणि आता परत कळ्या धरल्यात, त्यामुळे रिव्ह्यू लिहायला हरकत नाही.

रोपाबद्दल आधी. छोट्या जागेत ऑर्किड लावायचं असेल तर डोळे झाकून हे घ्या. बुके आणि गिफ्टवाली मोठी फॅलेनॉप्सिस असतात ना, त्यांच्या खानदानातलंच हे, पण हायब्रिड नाही तर फिलिपिन्स आणि तैवानकडची मूळ जंगली जात, आणि फूल जेमतेम 3 सेंमी. फिकट गुलाबी पाकळ्या, मधली जीभ गडद राणी रंगाची, आणि अगदी जवळ जाऊन बघितलं तर त्या जिभेच्या बुडाशी पिवळा उंचवटा दिसतो, त्याच्यावर बारीक लाल ठिपके. फोटोत हे कधीच नीट येत नाही! गुच्छात फुलणाऱ्या छोट्या हायब्रिड जातींमध्ये बऱ्याचदा याचंच रक्त असतं. माणसाने केलेला पहिला फॅलेनॉप्सिसचा संकरसुद्धा यातूनच झाला, 1886 मध्ये, इंग्लंडच्या व्हीच नर्सरीत जॉन सीडनने याचा आणि ॲफ्रोडाइटी या दुसऱ्या फॅलेनॉप्सिस जातीचा क्रॉस करून फुलवला होता.

आता पॅकिंग. बॉक्स व्यवस्थित, पानं कडक, पिठ्या ढेकूण कुठे नाही, त्याबद्दल नर्सरीला पूर्ण मार्क. पण कुंडीत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) इतकं दाबून भरलेलं की वरून कोरडं दिसतंय आणि मधे बोट घातलं तर चिंब ओलं. बाहेरच्या बाजूची मुळं जाडजूड हिरवी आणि मधली तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की साल सुटून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो, म्हणजे ते मूळ गेलेलं. हे झाडाच्या अंगावर वाढणारं ऑर्किड आहे, मुळांवर स्पंजसारखं आवरण असतं ते पाणी पटकन ओढून घेतं आणि मग त्याला हवा लागते. नर्सरीत पंखे असतात, ऊब असते, पाणी मापात असतं म्हणून तिथे मॉस चालतं, घरात तेच आठवडाभर ओलं राहतं आणि मूळकूज सुरू. नर्सरीने रोपासोबत एक चिठ्ठी टाकायला हवी होती, नवीन माणूस वरून कोरडं बघून अजून पाणी घालणार आणि रोप जाणार. याचे मार्क मी कापले.

तर आल्या आल्या मॉस सगळं काढा, मेलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, आणि पारदर्शक छोट्या कुंडीत पाइन बार्क (पाइनच्या सालीचे तुकडे) आणि थोडा कोळसा घालून लावा. कुंडी मोठी घेऊ नका. पारदर्शक एवढ्यासाठी की मुळं चंदेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असतील तर हात लावायचा नाही, वार ठरवून पाणी घालायची भानगडच नाही. पाणी सकाळीच, आणि पोंग्यात (मधे नवीन पान फुटतं तिथे) साचू द्यायचं नाही, साचलंच तर टिश्यूने टिपून घ्या, पोंगा कुजला की वरून वाढ संपली. उजेड भरपूर पण दुपारचं कडक ऊन नको, पूर्वेची खिडकी बेस्ट. रात्री 18 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, हे गरम, दमट, सखल जंगलातलं झाड आहे. खत पाव डोसमध्ये, तेही मुळं ओली असताना.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फुलं गळाली म्हणून दांडा कापू नका!! हायब्रिडच्या सवयीने लोक लगेच कात्री चालवतात. इक्वेस्ट्रिसचा दांडा टोकाकडून वाढतच राहतो, एकावेळी थोडी फुलं उघडतात, मग पुढे नवीन कळ्या, आणि बाजूने फाटेही फुटतात. त्याच दांड्याच्या पेरांवर पिल्लं पण येतात, त्यांना कीकी म्हणतात, त्यात ही जात एकदम उदार. पिल्लाची स्वतःची मुळं 4-5 सेंमी झाली की दांड्याच्या तुकड्यासकट कापून वेगळं लावायचं, त्याआधी नाही. नवीन दांडा येत नसेल तर काही आठवडे रात्रीचा गारवा मिळू द्या, तापमान 25 अंशांच्या खाली आलं तरी पुरतं.

घेताना एक मात्र विचारा, रोप नर्सरीत तयार केलेलं आहे का. तैवानच्या बाजूला शिआओ लानयू नावाचं छोटं बेट आहे, तिथली ही रोपं लोकांनी उपटून नेऊन जवळजवळ संपवली, आणि सगळीच फॅलेनॉप्सिस साइट्सच्या (CITES, जंगली प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. माझ्या नर्सरीने विचारल्यावर लगेच सांगितलं की बियांपासून लॅबमध्ये वाढवलेलं आहे, हे फार आवडलं. जंगलातून काढलेलं रोप ओळखणं तसं अवघड नसतं, पानांवर जुने चट्टे, कुरतडल्याच्या खुणा, मुळं अर्धी तुटलेली. तसं दिसलं तर कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका.