जेबॉस ५ सोडायचंय: वाइल्डफ्लायवर जायचं की टॉमकॅटवर?

जेबॉस हा जावाची ॲप चालवणारा सर्व्हर, वाइल्डफ्लाय हा त्याचाच पुढचा अवतार आणि टॉमकॅट हा वेगळा, हलका सर्व्हर. जुन्या जेबॉसच्या भोकांतून २०१६ साली सॅमसॅम रॅन्समवेअर अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये घुसलं होतं, त्यामुळे "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" हे आता पुरे.

आधी कोडमध्ये शोधा की ईजेबी (सर्व्हरने सांभाळलेले बिझनेस लॉजिकचे घटक), जेएमएस (मेसेजची देवाणघेवाण) आणि दोन डेटाबेसवर एकत्र चालणारी ट्रान्झॅक्शन खरंच वापरात आहेत का. बऱ्याचदा नुसते सर्व्हलेट, जेएसपी (वेब पानं बनवणारे जावाचे भाग) आणि एक डेटासोर्स (डेटाबेसची जोडणी) निघतो, बाकी सगळी ईएआरची (अनेक भागांचं एकत्र पॅकेज) सजावट. तसं असेल तर सरळ टॉमकॅट ९ घ्या, हलका आहे, जावा ८ वर चालतो आणि कोडमधल्या पॅकेजांची नावं जावाएक्सचीच (javax) राहतात. फक्त त्याला ईएआर कळत नाही, वॉर (एका वेब ॲपचं पॅकेज) करून द्यावी लागते.

पण मेसेज ड्रिव्हन बीन आणि सेशन बीन हे ईजेबीचे प्रकार ढिगाने असतील तर टॉमकॅटवर स्प्रिंग फ्रेमवर्क, मेसेज पोहोचवणारा वेगळा ब्रोकर, वेगळा ट्रान्झॅक्शन मॅनेजर असं एकेक आणून जोडत बसाल आणि शेवटी घरीच एक अर्धवट ॲप सर्व्हर बनवून ठेवाल, त्यापेक्षा वाइल्डफ्लाय बरा. (जेबॉसचंच हे नवं नाव, २०१४ पासूनचं.) तोही फुकटात होत नाही बरं का. जेबॉस ५ मध्ये सगळ्या जार (कोडच्या फाइली) एकमेकींना दिसायच्या, ७ पासून त्यांना वेगळं ठेवणारे मॉड्यूल आले, म्हणून क्लास सापडत नाही या एररने पहिला आठवडा जातो. जेएनडीआयची (सर्व्हरमधल्या गोष्टी नावाने शोधायची सोय) नावं बदलतात, डीएस फाइलींऐवजी डेटासोर्स स्टँडअलोन एक्सएमएल या सेटिंग फाइलमध्ये जातो, आणि डेटाबेसमधला डेटा सांभाळणारे जुने सीएमपी एंटिटी बीन असतील तर ते जेपीए या नव्या पद्धतीत नव्याने लिहायचे, वाइल्डफ्लायने ते काढूनच टाकलेत.

आता जकार्ता, म्हणजे जावा ईईचं (जावाच्या एंटरप्राइझ भागाचं) नवं नाव. वाइल्डफ्लाय २७ आणि टॉमकॅट १० पासून पॅकेजची नावं जावाएक्सवरून जकार्ता होतात, आणि इथे कुणीतरी उत्साहात सगळीकडे फाइंड-रिप्लेस मारतो. मारू नका! जावाएक्स डॉट एसक्यूएल आणि जावाएक्स डॉट नेमिंग जेडीकेमध्येच (मूळ जावाच्या संचात) आहेत, ते तसेच राहतात, जावाएक्स डॉट ट्रान्झॅक्शन बदलतं पण त्यातलं एक्सए हे उपपॅकेज बदलत नाही, म्हणून टॉमकॅटचं मायग्रेशन टूल किंवा ओपनरीराइट हे कोड आपोआप बदलणारं टूल वापरा.

सर्व्हर, जावा आणि जकार्ता तिन्ही एकाच रिलीजमध्ये बदललं तर बिघडलं कशाने ते रात्री दोनला कुणालाच कळत नाही. ईजेबीवाल्यांनी म्हणून आधी वाइल्डफ्लाय २६ गाठावा, जावाएक्सवाला शेवटचा तोच, आणि मग जावा १७. मात्र तिथे मुक्काम करू नका, नवे पॅच येत नाहीत. जावा ११ मधून जॅक्सबी (एक्सएमएल वाचायची-लिहायची लायब्ररी) गेलंय, पॉममध्ये (मेव्हनच्या बिल्ड फाइलमध्ये) वेगळं टाकायला विसरू नका.