अंधेरीतली एक संध्याकाळ आणि ४४,७८१ रुपयांचं बिल

हे लिहायला मला पाच महिने लागले. त्यातले पहिले तीन तर कुणाला काही कळू द्यायचं नाही, एवढ्या एकाच धडपडीत गेले. आता लिहितोय, कारण मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका मुलानं जेवताना विचारलं, "दादा, तुम्हाला अंधेरीतले क्लब माहिती आहेत ना? ॲपवर एक मुलगी भेटलीये, ती म्हणते आजच भेटू." माझ्या पोटात गोळाच आला.

माझंही असंच सुरू झालं होतं. डेटिंग ॲपवर ओळख झाली आणि दोन दिवस गप्पा झाल्या. तिचं बोलणं चांगलं होतं, गाण्यांची आवड आहे म्हणाली. मी सुचवलं की जुहूला पृथ्वी थिएटरच्या कॅफेत भेटू, चहा घेऊ, तिकीट मिळालं तर नाटक बघू. तिला ते नको होतं. "डी. एन. नगर मेट्रोला ये, जवळच एका ठिकाणी आज लाइव्ह बँड आहे," असं तिनं कळवलं. घाटकोपरहून मेट्रोनं अर्धा तासही लागत नाही. मी गेलो.

जागा एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात, आणि आत आमच्याशिवाय दोनच टेबलं भरलेली. त्या दोन्ही टेबलांवरही एक मुलगा, एक मुलगी. बँड कुठेच नव्हता. कोपऱ्यात रिकामं स्टेज होतं, त्यावर झाकून ठेवलेला ड्रमसेट, आणि स्पीकरवर कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात गाणी. मी विचारलं तर वेटर म्हणाला, "नौ बजे आएगा सर." मेनूकार्ड एकच आलं, ते तिच्या हातात गेलं आणि पुन्हा माझ्याकडे आलंच नाही. ऑर्डर तीच देत होती. छोटे शॉट, निळ्या रंगाची कॉकटेलं, वाइन, हुक्का. मी दोन बिअर घेतल्या. ग्लास अर्धा झाला की वेटर तो उचलायचा आणि दुसरा ठेवायचा, कुणी मागितलेला नसला तरी. ती पीत होती ते मद्य नसावं, असं आता वाटतं. तासाभरात एवढं पिऊन कुणी इतक्या स्वच्छ आवाजात बोलत नाही.

पावणेनऊला तिला घरून फोन आला. आईची तब्येत बिघडली म्हणाली. "तू बिल दे, माझा अर्धा हिस्सा मी रात्री पाठवते," एवढं बोलून ती गेली. तिच्या आईसाठी मला खरंच वाईट वाटलं होतं.

मग बिल आलं. सहा शॉट १०,८००. चार कॉकटेलं ८,८००. वाइनचे दोन ग्लास ७,०००. हुक्का ४,०००. माझ्या दोन बिअर १,८००, खाणं २,१००. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी. एकूण ४४,७८१.

मेनूकार्ड दाखवा म्हटलं तर "वो अपडेट हो रहा है" असं उत्तर मिळालं. मॅनेजर आला, त्याच्या मागे दोन बाउन्सर आले आणि जिन्याच्या दारात उभे राहिले. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. मॅनेजर फक्त हळू आवाजात म्हणाला, "सर, फॅमिलीवाले आदमी लगते हो. बात क्यों बढाते हो?" माझं तीन वर्षांपूर्वी घटस्फोटाचं प्रकरण झालंय. आई नाशिकला एकटी असते. पोलीस, चौकशी, घरी फोन, नातेवाइकांत चर्चा, हे सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. मी काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून ३०,००० भरले आणि उरलेले १४,७८१ कार्डवर, पिन टाकून.

मी अकाउंट्समध्ये काम करतो. बिलं तपासणं हेच माझं काम, पण त्या वेळी भीतीमुळे कागदावरचं काही दिसत नव्हतं. रात्री घरी येऊन दिवा लावला आणि तेच बिल पुन्हा वाचलं. जेवायला, प्यायला बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पिण्याचं मद्य जीएसटीत येतच नाही. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रातल्या परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झाला. साध्या रेस्टॉरंटमधल्या खाण्यावर जीएसटी पाच टक्के असतो. म्हणजे दारूसकट सगळ्यावर अठरा टक्के लावलेलं बिल उघड खोटं होतं. त्यावर जीएसटी नोंदणीचा क्रमांक नव्हता. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप जोडता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. क्यूआरवर नाव क्लबचं नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. कार्डच्या पावतीवर तर कपड्यांच्या दुकानाचं नाव होतं.

"बाटलीवर एमआरपी एवढी आणि हे एवढे घेतात" या मुद्द्यावर मात्र भांडू नका. हॉटेल-रेस्टॉरंटला एमआरपीचं बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. मुद्दा आहे तो दर लपवण्याचा, न मागितलेलं आणून ठेवण्याचा आणि धाक दाखवून वसूल करण्याचा.

मी ॲप उघडलं तेव्हा ती नव्हती. तिनं ओळख तोडली होती आणि त्याबरोबर सगळं संभाषण गेलं होतं. माझ्याकडे तिचा एक फोटोसुद्धा उरला नाही. भेटायला निघण्याआधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा, हे मी आता सगळ्यांना सांगतो.

मी एकटाच यात सापडलो असं वाटायचं. मग शोधल्यावर कळलं की दिल्लीत जून २०२४ मध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाला विकास मार्गावरच्या कॅफेत याच पद्धतीने एक लाख एकवीस हजारांचं बिल लावलं होतं. तो पोलिसांत गेला, म्हणून ती मुलगी आणि कॅफेचा मालक पकडले गेले. मुलीला बिलातला ठरलेला हिस्सा मिळतो. भेटीची जागा नेहमी तीच ठरवते, कारण सगळा धंदाच त्या जागेचा असतो. त्या मुलीवर राग धरून मी बरेच दिवस काढले, पण खरे कमावणारे काउंटरमागे बसलेले असतात.

तिसऱ्या महिन्यात मी पोलीस ठाण्यात गेलो. बँकेने त्याआधीच हात वर केले होते. पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा, हे त्यांचं म्हणणं. ठाण्यातले साहेब मला हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याच वेळी ११२ ला फोन का नाही केलात?" जागेवर पोलीस आले की असली बिलं बहुतेक वेळा तिथेच उतरतात, असं ते म्हणाले. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, धमकावून पैसे उकळण्याला ३०८. अर्ज लिहून घेतला. बाकावर डोंबिवलीचा एक मुलगा बसला होता, तेवीस-चोवीसचा, मान खाली घालून. माझ्या फोनमधलं क्यूआरवरचं नाव त्यानं पाहिलं आणि स्वतःचा फोन पुढे केला. तेच नाव, त्याचे २६,०००. आमचे दोन्ही अर्ज एकत्र जोडले गेले. पैसे अजून मिळालेले नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सर्व्हिस चार्जची तक्रार वेगळी केली आहे.

ऑफिसमधल्या मुलाला मी त्या दिवशी हे सगळं सांगितलं. तो गप्प ऐकत होता. त्याला एवढंच सुचवलं की मुलगी खरी असेल तर जागा बदलल्यानं काही बिघडत नाही. त्यानं माझ्यासमोरच तिला लिहिलं, "क्लब नको, पृथ्वीच्या कॅफेत भेटू." तिचं उत्तर आलं, "तिथे बोअर होतं, मी सांगितलंय तिथेच ये." त्यानं नाही म्हटलं. आमचे डबे धुऊन होईपर्यंत ते प्रोफाइल त्याच्या फोनमधून गेलं होतं.