दोन ग्राफिक्स कार्डं जोडावीत, की एकच दमदार घ्यावं?

जुनं कार्ड ठणठणीत आहे, पण नव्या गेममध्ये धापा टाकतं. मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट रिकामा आहे आणि त्याच मॉडेलचं वापरलेलं कार्ड आता स्वस्तात मिळतंय. ते आणून जोडी लावावी, की आहे ते विकून, वर पैसे घालून एकच वरच्या दर्जाचं घ्यावं? माझं दोन्ही वापरून झालंय. आधी मधल्या दर्जाची दोन सारखी कार्डं जोडून बरीच वर्षं खेळलो, मग एकावर आलो. कंपनी कोणती ते सांगत नाही, कारण दुखणं दोन्हीकडे एकच होतं. माझा कल पुढे दिसेलच.

जोडी म्हणजे नुसता देखावा, असं मात्र मी म्हणणार नाही. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं एकटं व्हूडू २ कार्ड ८०० बाय ६०० पिक्सेलवर अडायचं, दोन जोडली की १०२४ बाय ७६८ मिळायचं. कार्डं जोडायची ही सोय, एसएलआय, २००४ मध्ये एनव्हिडियाने परत आणली, २००५ मध्ये एटीआयची (पुढची एएमडी) तशीच सोय, क्रॉसफायर, आली, आणि त्यानंतर बरीच वर्षं मधल्या दर्जाची दोन कार्डं मिळून त्या पिढीच्या सगळ्यात महागड्या कार्डाला गाठायची, कधी मागेही टाकायची. ज्या गेमला जोडी मानवली तिथे काय मजा यायची! एका कार्डावर सावल्या आणि गवत कमी करून खेळलेला गेम दुसरं कार्ड लावल्यावर सगळी सेटिंग्ज टोकाला नेऊनही सुळसुळीत पळायचा. ती संध्याकाळ अजून आठवते.

उष्णता आणि वीज यांवर फार बोलत नाही, सगळ्यांना माहीत आहे. वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं, त्यामुळे माझ्याकडे वरच्याचा पंखा कायम जास्त ओरडायचा. कॅबिनेट मोठं आणि पॉवर सप्लाय तगडा असेल तर यातून मार्ग निघतो.

मेमरीचं मात्र आधी बघा, कारण इथे पुष्कळांचा हिशेब चुकतो. ४ जीबीची दोन कार्डं म्हणजे ८ जीबी नव्हे. दोन्ही कार्डांना सगळं टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) आपापल्या मेमरीत ठेवावं लागतं, त्यामुळे गेमच्या दृष्टीने मेमरी ४ जीबीच राहते. तुमचं कार्ड नव्या गेममध्ये मेमरी भरल्यामुळे अडखळत असेल, आणि हल्ली बहुतेक वेळा तेच असतं, तर दुसरं कार्ड आणून त्या दुखण्यावर काडीचाही उपाय होत नाही.

मग ते प्रसिद्ध बारीक अडखळणं. जोडी साधारणपणे आळीपाळीने काम करते, एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) या कार्डाची, पुढची त्या कार्डाची. ताल चुकला की एक फ्रेम ८ मिलिसेकंदांत येते आणि पुढची २५ मध्ये. सरासरी काढली तर आकडा सेकंदाला ६० फ्रेम्सचा दिसतो, हाताला मात्र ४० असल्यासारखं वाटतं. २०१३ नंतर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, यावर बरंच काम झालं आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला याचा फारसा जाच झाला नाही. माझ्या मित्राला मात्र ते बघवत नसे. हे ज्याच्या त्याच्या डोळ्यावर आहे.

माझा निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. प्रत्येक गेम सुरू करण्याआधी एक प्रश्न उभा राहायचा: हा गेम जोडीवर चालतो का? नवा गेम आला त्या दिवशी उत्तर बहुधा ‘नाही’ असायचं. कोपऱ्यात आकडे लावून बघावं तर पहिलं कार्ड ९८ टक्के, दुसरं शून्य. ड्रायव्हरमध्ये त्या गेमचं प्रोफाइल (तिथे जोडी कशी चालवायची याच्या सूचना) येईपर्यंत ते दुसरं कार्ड नुसतं बसून. मग स्वतःच उचापती करायच्या. प्रोफाइल बदलायचं छोटं टूल उघडायचं, त्याच इंजिनवरच्या जुन्या गेमच्या प्रोफाइलमधले आकडे (बिट्स) चिकटवायचे आणि देवाचं नाव घेऊन गेम लावायचा. कधी चालायचं. कधी पाणी लुकलुकायचं, किंवा पात्राची सावली एका फ्रेमला हजर आणि पुढच्या फ्रेमला गायब. काही गेम तर जोडीवर एका कार्डापेक्षाही हळू पळायचे.

तेव्हा जोडी बंद करायची. तेही एका टिचकीचं काम नव्हतं. कंट्रोल पॅनेल आधी म्हणणार ब्राउझर बंद करा, मग आणखी अमुक प्रोग्रॅम बंद करा. मग स्क्रीन काळी पडणार, आणि परत आली की दुसऱ्या मॉनिटरवरच्या सगळ्या विंडोज पहिल्यावर येऊन आदळलेल्या. जेमतेम तासभर खेळायला बसावं आणि त्यातला बराच वेळ असा जावा, याचा हळूहळू वीट आला. फ्रेम कमी पडल्या तर सेटिंग खाली आणून मी निभावून नेतो. पण गेम लावायला बसलो की आधी दुरुस्तीचं काम निघतं, हे सहन होईना.

एका कार्डावर आलो तेव्हा जोडीला मानवणाऱ्या एकदोन जुन्या गेममध्ये फ्रेम्स थोड्या घटल्यासारख्या वाटल्या, हेही सांगून टाकतो. बाकी सगळीकडे गेम उघडायचा आणि खेळायचा.

हे झालं माझं. आजची परिस्थिती जोडीला आणखी प्रतिकूल आहे. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयची नवी प्रोफाइल्स देणं थांबवलं. त्यांच्या आरटीएक्स ३० मालिकेत जोडायची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआय या कार्डांना होती, ४० मालिकेत ती गेलीच. एएमडीच्या आरएक्स ५७०० एक्सटीलाही २०१९ मध्ये क्रॉसफायर नव्हतं. डायरेक्टएक्स १२ मध्ये (गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) दोन कार्डं वापरायची जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर गेली. ‘शॅडो ऑफ द टूम्ब रेडर’सारखे मोजके सोडले तर तो खटाटोप कोणी केला नाही. त्यांना तरी दोष कसा द्यावा? हल्ली कडा गुळगुळीत करण्यापासून कितीतरी गोष्टींसाठी आधीच्या फ्रेमची माहिती लागते, आणि आळीपाळीच्या पद्धतीत आधीची फ्रेम नेमकी दुसऱ्याच कार्डावर असते.

एक नवी वाट निघाली आहे, तिचा उल्लेख करायला हवा. लॉसलेस स्केलिंग नावाच्या प्रोग्रॅममध्ये मुख्य कार्ड गेम काढतं आणि दुसरं कार्ड मधल्या फ्रेम्स तयार करतं. कार्डं सारखी लागत नाहीत, कार्डं जोडणारा ब्रिज लागत नाही, मॉनिटर मात्र दुसऱ्या कार्डाला जोडावा लागतो. मी पडून असलेलं एक जुनं कार्ड लावून पाहिलं. निवांत फिरण्याच्या गेममध्ये छान वाटलं, गोळीबारात माऊस किंचित जड वाटला. जुनं कार्ड घरात असेलच तर करून बघा. त्यासाठी मुद्दाम कार्ड विकत घ्यावं, असं मला तरी वाटत नाही.

तुम्ही ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये रेंडर करत असाल किंवा घरच्या मशीनवर भाषेची मॉडेल्स चालवत असाल, तर दोन कार्डं खरोखर कामाला येतात. तिथे वरचं बरंचसं लागू नाही. २०१२ ते २०१७ मधलेच गेम मोठ्या पडद्यावर खेळायचे आहेत, दुसरं कार्ड जवळजवळ फुकट मिळतंय आणि खुटखुट करायची हौस आहे, अशांनाही मी अडवणार नाही. हौसेला मोल नसतं. बाकीच्यांनी, माझं ऐकायचं तर, जुनं विकून एकच घ्यावं.

तरी जोडीच करायची असेल तर कार्ड आणण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल काढून दुसऱ्या स्लॉटला किती लेन (डेटा जाण्यायेण्याच्या वाटा) मिळतात ते बघा. स्लॉट लांबीला पहिल्यासारखाच दिसतो, पण बऱ्याच बोर्डांवर त्याला चिपसेटमधून चारच लेन येतात. एसएलआयला किमान आठ लागतात. तुमच्याकडे चार असतील तर निदान एसएलआयचा विषय तिथेच मिटला.