कसब्याचा निवडणूक-इतिहास: आयोगाचे अहवाल की वृत्तपत्रांच्या फायली?

पुण्याच्या कसबा पेठ विधानसभा मतदारसंघाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने निवडणूक आयोगाचे अहवाल धरावेत की वृत्तपत्रांच्या जुन्या फायली, हा प्रश्न रास्त आहे. खर्चात अहवाल सरस, कारण ते विनामूल्य मिळतात. फायलींसाठी ग्रंथालयात ठाण मांडावे लागते. मतसंख्येसाठीही अहवालांवरच भिस्त ठेवावी, कारण निकालाच्या बातमीतले आकडे अनेकदा घाईचे असतात. मात्र सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक येत नाही, आणि कसब्यात तर तीच सर्वांत बोलकी आहे. १९९५ ते २०१४ या काळात गिरीश बापट सलग पाच वेळा निवडून आले, २०१९ मध्ये मुक्ता टिळक आणि २०२४ मध्ये हेमंत रासने, असे भाजपचे अखंड वर्चस्व त्या कोष्टकांत दिसते. परंतु टिळकांच्या निधनानंतर २०२३ मध्ये काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी याच रासने यांना हरवले होते, हे त्यातून निसटते. उमेदवारी टिळक कुटुंबाबाहेर गेल्यावर उठलेल्या नाराजीची चर्चा तर फायलींतच सापडते. २००८ च्या पुनर्रचनेत हद्दी बदलल्या, याचे भान दोन्हीकडे ठेवावे लागते. मतांची टक्केवारी मांडायची असल्यास अहवाल पुरेत; उमेदवारीचे राजकारण उलगडायचे असल्यास फायलींना पर्याय नाही.