लिचेस ह्या बुद्धिबळाच्या साइटवरची पझल्स वर्षभर सोडवली, त्याचा रिव्ह्यू

आधी माझा हिशोब सांगून टाकते म्हणजे हे कुणासाठी लिहितेय ते कळेल. ऑनलाइन रॅपिडला (म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या डावांत) माझं रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, सुरुवातीला १५०० च्या आसपास, कधी १५६० कधी १४७०, तीन वर्षं तिथेच घुटमळत होतं. ओपनिंगच्या सात-आठ खेळ्या नीट येतात, फुकट घोडा सहसा देत नाही (सहसा!), राजा-प्याद्यांचा एंडगेम बऱ्यापैकी. म्हणजे नवशिकी नाही आणि भारी तर अजिबात नाही, मधल्यातली. आणि आम्हा मधल्यांना भेटेल तो एकच सल्ला देतो, टॅक्टिक्स (दोन-चार खेळ्यांचे डावपेच) कर, पझल्स सोडव, म्हणजे दिलेल्या स्थितीत बरोबर खेळ्या शोध. म्हटलं सोडवू. वर्षभरात लिचेसवर सहा हजाराच्या आसपास सोडवली, पझल रेटिंग १६५० वरून २०८० पर्यंत गेलं, नवऱ्याला स्क्रीनशॉट दाखवून झाला, आणि डावाचं रेटिंग पहिले आठ महिने जिथे होतं तिथेच. का, ते पुढे सांगते, कारण खरा रिव्ह्यू तोच आहे.

साइटबद्दल पटकन. पूर्ण फुकट, जाहिरात एकही नाही, आणि "आजची तुमची मोफत पझल्स संपली, आता पैसे भरा" हा प्रकार नाही. २०१० ला तिबो ड्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केली, आता फ्रान्समधली ना-नफा संस्था चालवते, लोकांच्या देणग्यांवर. बसल्या बसल्या दोनशे सोडवा, कुणी अडवत नाही (हे चांगलं की वाईट, त्यावर येते). फोनवरच्या अॅपमधे थोडी पझल्स आधीच उतरलेली असतात त्यामुळे सांगलीला जाताना घाटात रेंज गेली तरी चालतं.

आता ही पझल्स येतात कुठून हे समजून घेणं फार गरजेचं आहे, मला स्वतःला ते सहा महिन्यांनी कळलं. कुणी उस्तादाने बसून रचलेली नाहीत. लोक साइटवर जे डाव खेळतात त्यांचं स्टॉकफिश इंजिनने (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामने) विश्लेषण झालेलं असतं, त्यातून ज्या जागी कुणीतरी चूक केली आणि समोरच्याकडे बहुतेक करून एकच बरोबर उत्तर होतं अशा जागा कॉम्प्युटर वेचतो. अशी ४० लाखांहून जास्त पझल्स आहेत आणि सगळी यादी कुणालाही उतरवून घेता येते, वापरायला मोकळी. पझल उघडलं की समोरच्याची शेवटची खेळी आधी पटावर होते, मग तुमची पाळी. ती खेळी म्हणजेच चूक! हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी पझल्स सोपी होतात कारण प्रश्न बदलतो, "इथे काय आहे" ऐवजी "आत्ता ह्या खेळीने काय सुटलं". हत्ती हलला तर मागची ओळ उघडी पडली का, प्यादं पुढे गेलं तर कुठलं घर कायमचं कमजोर झालं, घोड्याने जागा सोडली तर तो कशाला जोर देत होता. हा प्रश्न खऱ्या डावातही प्रत्येक खेळीला विचारायला हवा आणि मी विचारत नव्हते, आपला प्लॅन आपल्याच नादात रेटत होते.

आमचे बाबा ह्या पझल्सना पझल्स मानायलाच तयार नाहीत. ते सांगलीचे, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघत मोठे झालेले, आणि त्यांच्या आजोबांकडून देशी पद्धतीने शिकलेले, म्हणजे प्यादं पहिल्यांदाही एकच घर आणि राजाला डावात एकदा घोड्याची उडी. त्यांच्यासाठी बुद्धिबळाचं कोडं म्हणजे पेपरात यायचं ते, "पांढऱ्याने खेळून दोन खेळ्यांत मात". त्यात पहिली खेळी जवळजवळ कधीच शह नसतो, एखादा वजीर गुपचूप कोपऱ्यात सरकतो आणि काळ्याने काहीही केलं तरी मात. रचलेली गोष्ट ती, सुंदर, पण तशी स्थिती डावात येत नाही. लिचेसचं पझल म्हणजे कुणा १७०० वाल्याने तीन मिनिटांच्या ब्लिट्झमधे घातलेला गोंधळ, दिसायला ओबडधोबड, प्यादी वाकडीतिकडी, एक उंट उगाचच कुठेतरी. बाबा म्हणतात "हा काय पट आहे, भाजीबाजार आहे." पण बाबा, माझे डाव असेच दिसतात ना!

आता मुद्द्याचं. रेटिंग वाढलं आणि खेळ का नाही वाढला.

एक म्हणजे पझलमधे घंटा वाजलेली असते. इथे काहीतरी आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं, म्हणून वजीर देऊन टाकायची हिंमत होते. डावात कुणी सांगत नाही की थांब, आत्ता बघ. हा दोष सगळ्याच पझल्सचा आहे, कुठल्याही साइटचा, कुठल्याही पुस्तकाचा. पण दुसरं कारण शंभर टक्के माझं. मी अंदाजाने खेळत होते. शह दिसला, दिला, हिरवी खूण आली, मग पुढची खेळी शोधली. डावात हिरवी खूण येत नाही हो, तिथे घोडा देऊन बसल्यावर कळतं की राजाला अजून एक घर होतं. चार खेळ्यांच्या पझलमधल्या तीन खेळ्या समोरच्याचं उत्तर बघून बघून शोधल्या तर तुम्ही चार खेळ्यांचं गणित केलंच नाही, एका खेळीचं चार वेळा केलं.

हे लक्षात आलं ते डॅशबोर्डमुळे आणि माझ्या मते अख्ख्या पझल विभागातली सगळ्यात कामाची चीज तीच आहे, पण कुणी उघडत नाही. प्रत्येक पझलला थीमचं, म्हणजे युक्तीच्या प्रकाराचं, लेबल असतं, फोर्क (एका मोहऱ्याचा एकदम दोघांवर मारा), पिन, डिस्कव्हर्ड अटॅक, डिफ्लेक्शन (रक्षण करणाऱ्या मोहऱ्याला जागेवरून हटवणं), अट्रॅक्शन, इंटरमेझो, अडकलेलं मोहरं, मागच्या ओळीवरची मात, वगैरे बरंच. डॅशबोर्ड गेल्या महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं काढून देतो, कुठे तुम्ही बऱ्या आणि कुठे बोंब. माझं काय निघालं, फोर्क मस्त, गुदमरून मात (एच६, जी८ ही पटावरच्या घरांची नावं; घोडा एच६ ला डबल शह, राजा एच८, मग वजीर जी८ ला फेकायचा, हत्तीने मारला की घोडा एफ७ ला मात) ती तर झोपेत, आणि डिफेन्सिव्ह मूव्ह आणि क्वाएट मूव्ह ह्या दोन थीमना चाळीस टक्क्यांच्या खाली. म्हणजे जिथे धडाधड शह देऊन भागत नाही, एक शांत खेळी करून धमकी उभी करायची असते किंवा स्वतःचं घर सांभाळायचं असतं, तिथे मी ढ. आणि माझे हरलेले डाव उघडून बघितले तर अगदी हेच. हल्ला करताना नाही हरत मी, समोरच्याची धमकी न बघता स्वतःचा हल्ला चालू ठेवते आणि हरते. चुकलेली पझल्स थीमप्रमाणे परत सोडवायची सोय तिथेच आहे.

मग मी काय बदललं. साधं मिश्रण, जे उघडल्यावर आपोआप येतं, ते बंद केलं. सकाळी दहा मिनिटं, अवघडपणाची सेटिंग असते त्यात "सोपं" लावायचं म्हणजे आपल्या रेटिंगपेक्षा तीनशेने खालची येतात, आणि ती फटाफट, डोळ्याला सवय म्हणून. रात्री भांडी आवरल्यावर फक्त पाच, फक्त कमजोर थीमची, आणि नियम असा की शेवटच्या खेळीपर्यंत सगळं दिसल्याशिवाय माऊसला हात लावायचा नाही. एका पझलला दहा मिनिटं लागली तरी लागू देत. पहिल्या आठवड्यात पझल रेटिंग दीडशेने आपटलं, जाम राग आला. पण एक गंमत आहे, थीम निवडली की घंटेबरोबर उत्तराचा वासही आधीच येतो, "डिफ्लेक्शन" म्हटलं की रक्षण करणारं मोहरं शोधायला लागतो आपण, म्हणून दर दोन आठवड्यांनी परत मिश्रणावर जाऊन तपासायचं.

बाबांचं मन वळलं ते एका जुन्या डावामुळे, तेवढं सांगते. अट्रॅक्शन म्हणजे काय ते त्यांना दाखवत होते, समोरच्या मोहऱ्याला मुद्दाम हव्या त्या घरावर ओढून आणणं, तर ते म्हणाले हे तर पेट्रोशियनने केलेलं. १९६६, मॉस्को, जगज्जेतेपदाच्या लढतीतला दहावा डाव, समोर स्पास्की. तिसाव्या खेळीला पेट्रोशियनने वजीर एच८ ला नेऊन शह दिला, सरळ राजाच्या तोंडात. राजाने मारला तर घोडा एफ७ चा हत्ती मारत शह देतो आणि जी५ वरचा वजीर त्याच घोड्याच्या माऱ्यात. स्पास्कीने तिथेच डाव सोडला. दोन खेळ्यांचं काम, अट्रॅक्शन अधिक फोर्क, आणि लिचेसवर ह्याच जातीची हजारो पझल्स आहेत, फक्त पेट्रोशियनच्या जागी कुणी आयटीवाला रात्री एक वाजता. बाबांना हे पटलं. आता ते फोनवर विचारतात "आज किती चुकलीस", किती बरोबर आली ते विचारत नाहीत.

बाकीचे खेळ पण आहेत. पझल स्टॉर्ममधे तीन मिनिटांत जमतील तितकी, चुकलं की दहा सेकंद जातात, सलग बरोबर आली की वेळ वाढून मिळतो. पझल रेसर दीड मिनिटाची शर्यत, मैत्रिणींबरोबर धमाल येते, त्यापलीकडे काही नाही. स्टॉर्म व्यसन आहे, चिवड्यासारखं, मूठभर म्हणून बसता आणि डबा संपतो, आणि अंदाजाने खेळायची माझी जी सवय होती ती तिथेच लागली असं माझं ठाम मत आहे. मधल्या खेळाडूने आठवड्यातून एकदा, बस. त्यापेक्षा स्ट्रीक चांगलं, घड्याळ नाही, प्रत्येक पझल आधीच्यापेक्षा थोडं अवघड, एक चूक झाली की खेळ खल्लास. एक खेळी वगळायची सूट असते, ती मी कायम फार लवकर वापरते.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. कॉम्प्युटरने निवडलेली असल्यामुळे काही पझल्स मधेच संपल्यासारखी वाटतात, एक मोहरं मिळालं, हिरवी खूण, संपलं, आणि आपण बघत बसतो की अरे पण माझा राजा उघडाच आहे की. तेव्हा खाली इंजिन चालू करून पुढच्या खेळ्या बघायच्या, आळस करायचा नाही. शब्दांत समजावणारं कुणी नाही, "का" हे तुमचं तुम्हीच शोधायचं, हाताला धरून शिकवणारं हवं असेल त्यांना कोरडं वाटेल. बाकी समजावण्याच्या नावाखाली पैसे घेणाऱ्यांचाही अनुभव घेतलाय, एका अॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन काढलं होतं, नाव नको, त्यात व्हिडिओवाला प्रत्येक उत्तराला "ब्रिलियंट" म्हणायचा आणि पझल्स तीच तीच फिरून यायची. तीच पझल्स मुद्दाम परत परत, दर वेळी आधीपेक्षा कमी वेळात सोडवणं ही पद्धत म्हणून चांगली आहे खरं तर, पण ती आपण ठरवून केली तर. त्यांच्याकडे बहुतेक स्टॉकच तेवढा होता.

आणि एक छुपी गोष्ट. पझल विभागात आपलं यूजरनेम टाकून आपल्याच डावांतून निघालेली पझल्स शोधता येतात. माझ्या डावांतून अकरा निघाली. त्यातल्या सातमधे चूक करणारी मी!! बघताना कानकोंडं झालं, पण त्या सात मी आजही विसरलेली नाही, सहा हजारांतली बाकीची कधीच विसरले.

नवीन पद्धतीला चार महिने झाले. रॅपिड आता १५८० ते १६२० मधे असतं, एकदाच १६४० ला शिवून परत आलं. पझल रेटिंग उलट १९९० आहे आणि त्याचं आता मला काही वाटत नाही (थोडं वाटतं).

मुलांसाठी विचारणाऱ्यांना, माझी भाची दहा वर्षांची, २०२५ च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकली तेव्हापासून घरात पट उघडाच असतो. तिला मी मिश्रणावर सोडलेलं नाही, आधी एका खेळीत मात, मग फुकट मोहरं, मग फोर्क, एवढ्या तीनच थीम, रोज पंधरा. स्टॉर्म तिला सापडू नये म्हणून प्रयत्न केले होते, तिला ते दुसऱ्याच दिवशी सापडलं आणि तिचा स्कोअर माझ्यापेक्षा चारने जास्त आहे.