अनोळखी कॉल शांत ठेवण्याची सोय : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अनोळखी क्रमांकावरून आलेला कॉल वाजूच न देण्याची सोय आज बहुतेक स्मार्टफोनमध्ये या ना त्या रूपात असते. गेले आठ महिने ती आईच्या आणि माझ्या अशा दोन्ही फोनवर चालू ठेवून पाहिल्यावर तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. एका दुपारी आईला बँकेच्या नावाने फोन आला, तासाभरात खाते बंद होईल असे तिला सांगण्यात आले, आणि मी घरी पोहोचेपर्यंत बोलणारा माणूस तिला फोन खाली ठेवू देत नव्हता. ओटीपी अजून सांगितलेला नव्हता, म्हणून पैसे वाचले. मात्र हिशेबाला इतकी चोख असलेली आई अशी गांगरली कशी, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना, आणि या सोयीची पारख मी त्याच प्रश्नाच्या अनुषंगाने केली आहे.

आयफोनमध्ये ही सोय २०१९ साली आयओएस १३ या आयफोनच्या कार्यप्रणालीसोबत आली आणि तिचे इंग्रजी नाव 'सायलेन्स अननोन कॉलर्स' असे आहे. ती चालू केली की जो क्रमांक कॉन्टॅक्टमध्ये नाही, ज्यावर आपण अलीकडे स्वतः कॉल केलेला नाही आणि जो सिरीच्या, म्हणजे आयफोनमधल्या आवाजी मदतनिसाच्या, सूचनांमध्येही नाही, त्या क्रमांकावरून आलेला कॉल वाजत नाही. तो व्हॉइसमेलकडे, म्हणजे बोललेला निरोप नोंदवून ठेवणाऱ्या सेवेकडे, वळतो आणि अलीकडच्या कॉलच्या यादीत दिसतो. म्हणजे कॉल नाहीसा होत नाही, फक्त आपल्याला त्या क्षणी हाक मारत नाही. २०२५ च्या आयओएस २६ मध्ये याला एक मधला पर्याय मिळाला: फोन स्वतःच समोरच्याला नाव आणि कारण विचारतो, उत्तर आपल्याला पडद्यावर लिहून दाखवतो, आणि मग उचलायचे की नाही ते आपण ठरवतो. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये या धर्तीची सोय २०१८ पासून आहे, परंतु ती सर्व देशांत सारखी उपलब्ध नाही.

अँड्रॉइडवर एक गफलत फार जणांची होते, म्हणून ती नीट सांगतो. गूगलच्या फोन ॲपमध्ये 'ब्लॉक्ड नंबर्स' या भागात 'अननोन' नावाचे एक बटण असते, आणि ते चालू केले की सर्व अनोळखी कॉल थांबतील असे वाचणाऱ्याला साहजिकच वाटते. प्रत्यक्षात ते बटण केवळ आपला क्रमांक लपवून केलेले कॉल अडवते; क्रमांक दिसत असेल आणि तो फक्त आपल्याकडे जतन केलेला नसेल, तर कॉल नेहमीसारखाच वाजतो. आईच्या अँड्रॉइड फोनवर मी सुरुवातीला हेच बटण चालू करून निर्धास्त झालो होतो. खरा उपाय 'डू नॉट डिस्टर्ब' मध्ये सापडला: तिथे कॉलसाठी 'फक्त कॉन्टॅक्ट' निवडायचे, ॲपच्या सूचना आणि गजर यांना मोकळीक द्यायची, आणि हे वेळापत्रकाविना कायम चालू ठेवायचे. तिथेच पुन्हा पुन्हा कॉल करणाऱ्याला वाट देणारा एक पर्याय असतो, ज्यात पंधरा मिनिटांच्या आत तोच माणूस दुसऱ्यांदा कॉल करतो तेव्हा फोन वाजतो. अडीअडचणीच्या प्रसंगासाठी ही सवलत ठेवलेली आहे हे खरे, पण फसवणारे लोकही लागोपाठ कॉल करतात, म्हणून आईच्या फोनवर मी ती बंद ठेवली.

आता मुख्य अनुभव. ही सोय चोराला ओळखत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षा करूही नये. तिचे काम वेगळे आहे. फोनवरची फसवणूक उभी राहते ती घाईवर: आत्ताच निर्णय घ्या, फोन ठेवू नका, घरच्यांना सांगू नका, ही तीन वाक्ये वेगवेगळ्या शब्दांत प्रत्येक बनावट कॉलमध्ये असतात, कारण ऐकणाऱ्याला दहा मिनिटे शांतपणे विचार करायला मिळाला किंवा शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलता आले, तर तो सगळा बनाव कोसळतो. कॉल वाजलाच नाही की बोलण्याची वेळ ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे येतो. आई आता संध्याकाळी चहा झाल्यावर चुकलेल्या कॉलची यादी पाहते, आणि आलेल्या क्रमांकावर उलट कॉल करण्याऐवजी ज्या संस्थेचे नाव घेतले गेले असेल तिचा, कार्डामागे किंवा कागदपत्रांवर छापलेला क्रमांक स्वतः फिरवते. त्या दुपारी तिची बुद्धी कमी पडली नव्हती. तिला उसंत मिळाली नव्हती, हे मला आता पटले आहे.

उलट कॉल न करण्याला आणखीही एक कारण आहे. एकदाच रिंग देऊन कॉल तोडायचा आणि समोरच्याने कुतूहलाने महागड्या परदेशी क्रमांकावर कॉल करावा याची वाट पाहायची, या जुन्या युक्तीला जपानी भाषेतून आलेले 'वानगिरी' असे नाव आहे. शिवाय आयफोनवर आपण ज्या क्रमांकाला अलीकडे कॉल केला, तो क्रमांक त्यानंतर अनोळखी धरला जात नाही, त्यामुळे एका उलट कॉलने आपणच दार उघडून देतो.

या सोयीची किंमतही मोजावी लागते, आणि ती लहान नाही. दुसऱ्याच महिन्यात आईच्या तपासणीच्या अहवालासंबंधी आलेला एक महत्त्वाचा कॉल वाजला नाही, आणि आम्हाला तो दुसऱ्या दिवशी यादीत दिसला. क्रमांक आधी जतन करून ठेवला असता तर हे टळले असते. घरपोच सामान आणणारे, दुरुस्तीला येणारे, मुलाखतीसाठी बोलावणारे लोक बहुधा नव्याच क्रमांकावरून बोलतात, त्यामुळे जो नोकरी शोधत आहे किंवा ज्याचा व्यवसायच नव्या माणसांच्या कॉलवर चालतो, त्याला मी ही सोय दिवसभर चालू ठेवण्याचा सल्ला देणार नाही. माझ्या स्वतःच्या फोनवर मी ती कामाच्या वेळेत बंद ठेवतो. आईसाठी मात्र एक पूर्ण दुपार बसून डॉक्टर, औषधांचे दुकान, शेजारी, नातेवाईक आणि त्यांचे दुसरे क्रमांक, असे सगळे कॉन्टॅक्टमध्ये भरले. ही यादी अपुरी असेल तर सोय त्रासदायकच ठरते. आयफोनवरून आपत्कालीन सेवेला कॉल केल्यास पुढचे चोवीस तास ही सोय आपोआप बंद राहते, जेणेकरून मदतीसाठी येणाऱ्यांना आपल्याशी बोलता यावे. हा तपशील विचारपूर्वक ठेवलेला आहे.

जिथे ही सोय काहीच करू शकत नाही ती जागा अधिक काळजीची आहे. पडद्यावर दिसणारा क्रमांक ही समोरच्या फोन नेटवर्ककडून आलेली माहिती असते, आणि ती खोटी भरता येते. कोणी आपल्या बँकेचाच क्रमांक दाखवून कॉल केला आणि तो आपण जतन केलेला असेल, तर कॉल वाजतो आणि वर बँकेचे नावही झळकते, म्हणजे आपली यादीच त्या माणसाची साक्ष देते. म्हणून आईच्या फोनमध्ये बँकेच्या नावापुढे 'फक्त आपण करायचा' असे शब्द मी जोडले आहेत. त्या नावाने कॉल आला तर तो घ्यायचा नाही आणि नंतर स्वतः करायचा, असे आमचे ठरले आहे. आवाजाची हुबेहूब नक्कल करणे आता सोपे झाले आहे, त्यामुळे माझ्या आवाजात कोणी पैसे मागितले तर विचारायचा एक शब्दही आम्ही ठरवला आहे, जो कोणत्याही संदेशात कधी लिहिलेला नाही.

व्हॉट्सॲपचे कॉल या सगळ्याच्या बाहेर राहू शकतात. तिथे २०२३ पासून गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये अनोळखी कॉल शांत ठेवण्याचे वेगळे बटण आहे आणि तेही स्वतंत्रपणे चालू करावे लागते.

कॉलरचे नाव दाखवणाऱ्या ट्रूकॉलरसारख्या ॲपशी तुलना करायची, तर त्यांचा आधार इतर वापरकर्त्यांनी नोंदवलेल्या तक्रारी हा असतो. जुन्या, बदनाम क्रमांकांच्या बाबतीत ते चांगले काम करतात, पण सकाळीच घेतलेल्या नव्या क्रमांकावर कोणाची तक्रार नसते, आणि ॲपची धोक्याची लाल खूण दिसली नाही म्हणजे कॉल सुरक्षित आहे असा समज होणे हे मुळात अशी खूणच नसण्यापेक्षा वाईट. काही पिक्सेल फोनमध्ये संभाषण चालू असतानाच फसवणुकीचे नमुने ओळखून इशारा देणारी सोयही आली आहे; ती फोनच्या आतच चालते आणि मुळात बंद असते. इशारा उपयोगी पडेल, पण तोवर माणूस बोलण्यात गुंतलेला असतो, आणि मला तर ते बोलणेच सुरू व्हायला नको आहे.

एकट्या राहणाऱ्या किंवा दुपारी घरी एकट्या असणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर ही सोय चालू करून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र ती त्यांना समजावून, त्यांच्या संमतीने आणि यादी त्यांच्यासोबत बसून भरून. सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की सेटिंगच्या जागा बदलतात, म्हणून प्रत्येक अद्ययावतानंतर मी एका मित्राच्या फोनवरून, जो क्रमांक आईकडे जतन नाही, तिला एक कॉल करून पाहतो. फोन वाजला नाही आणि यादीत क्रमांक दिसला, की ती मला तिच्या फोनवरून तसे कळवते.